न विझणारी विजेरी

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात विहिरींतील गाळ उपसणारा गेणबा नावाचा एक कसबी माणूस राहत होता. त्याची पत्नी अनसूया हिचा एकुलता एक भाऊ, निवृत्ती, त्याच्याबरोबर काम करी.

गेणबाच्या घराण्यात एक नियम होता: विहिरीत आधी दोराने पेटता कंदील सोडायचा, मग माणसाने उतरायचे. हा नियम का पडला, हे वडिलांनी सांगितले नव्हते आणि गेणबानेही विचारले नव्हते. त्याच्याकडे बहुधा वापरातल्या विहिरींचीच कामे येत. त्यामुळे त्याचा कंदील कधी विझलाच नव्हता. कंदील तळ दाखवण्यासाठी असतो, अशी त्याची समजूत होती. आणि त्या कामात कंदील फारच उणा पडे. काच तडके, रॉकेल सांडे, उजेड चार हातांपलीकडे पोचत नसे.

म्हणून रोज जवळ बाळगता येईल अशी उत्तम विजेरी घेण्याचे गेणबाने ठरवले. तालुक्याच्या दुकानात त्याने सहा विजेऱ्या पारखल्या. ओल्या अंगठ्याने बटणे दाबली, विजेऱ्या बादलीत बुडवल्या, फरशीवर टाकल्या.

दुकानदार वैतागला. "अहो पाव्हणं, बॅटरी घेताय का जावई शोधताय?"

"जावई सणासुदीला येतो, शेठ. ही रोज कमरेला राहणार."

सहावी विजेरी पडूनही विझली नाही, भिजूनही विझली नाही. गेणबाने तीच घेतली. विजेरी म्हणून त्याची निवड चुकली, असे म्हणता येणार नाही. वर्षभरात ती चौदा विहिरींत उतरली आणि तिने एकदाही दगा दिला नाही. कंदील मात्र घरीच राहू लागला.

पुढच्या वैशाखात बंकटराव नावाच्या शेतकऱ्याने दोघांना बोलावले. त्यांची विहीर सात परस, म्हणजे सात माणसांच्या उंचीइतकी, खोल होती आणि अकरा वर्षे झुडपांखाली झाकलेली होती. झुडपे तोडल्यावर गेणबाने विजेरी दोराला बांधून तळाशी सोडली. तळाचा कुजका पाचोळा स्वच्छ दिसला.

निवृत्ती घुटमळला. "दाजी, बंकटरावांकडनं कंदील मागून आणू का? लई वर्सं बंद हाय विहीर."

"अरे, तळातली काडी न् काडी मोजता येतीया. कंदील आणखी काय दाखवणार? का बायकोनं नको उतरू म्हणून सांगितलंय?"

निवृत्ती ओशाळून हसला आणि उतरला. तळाशी पोचल्यावर काम सोपे व्हावे म्हणून त्याने कमरेचा दोर सोडला. दोनदा पाचोळा उचलला. मग तो खाली बसला, आणि बसल्या जागीच कलंडला.

"निवृत्ती! ए निवृत्ती!"

गेणबा उडी घेणार, तोच बंकटरावांनी त्याला कवेत घट्ट धरले. घरातून पेटता कंदील आणवून त्यांनी तो दोराने सोडला. चौथ्या परसाला ज्योत बारीक झाली आणि गेली.

"खाली हवाच न्हाई, गेणबा," बंकटराव म्हणाले. "दिवा जगत न्हाई तिथं माणूस कसा जगंल?"

विजेरी तळाशी लख्ख पेटलेली होती. तिच्या उजेडात निवृत्तीचा चेहरा वरून स्पष्ट दिसत होता.

गळ टाकून त्याला वर काढले, तेव्हा फार उशीर झाला होता.

घरी अनसूयेने आक्रोश केला नाही. सगळे निघून गेल्यावर तिने एवढेच विचारले, "माझ्या भावानं कंदील मागितला न्हवता का?"

"मागितला होता," गेणबा म्हणाला. "मी त्याची थट्टा केली."

तात्पर्य: नवे साधन कितीही उत्तम असले, तरी जुने साधन नेमके कोणते काम करीत होते हे समजून घेतल्यावाचून ते टाकू नये, आणि ज्याच्या मनात शंका येते, त्याला हसू तर कधीच नये.