सतरा मुंगसांचा राउटर

जंगलात वाय-फाय नुकतंच पोचलं होतं, तेव्हाची गोष्ट. एका बिळात सतरा मुंगसं राहत आणि सतराही जण गेम खेळत. रविवारी सापांशी मॅच होती. हरेल त्याने शेताचा बांध सोडायचा.

त्यांची सगुणाआजी राउटर आणायला दुकानात गेली. छोट्या राउटरने विचारलं, “मला ठेवणार कुठे?”

“लोखंडी कपाटात, कुलूप लावून. पोरं उचकापाचक करतात.”

“मग नका नेऊ. तिथून माझं काही बाहेर पोचायचं नाही.”

“अगं बाई, घरात यायच्या आधीच तोंड वर!” आजीने आठ अँटेनांचा उचलला. तो म्हणाला होता, “ठेवा कुठेही.”

रविवारी ऐन मॅचमध्ये सतराही पडदे थिजले. बांध गेला. आजी तणतणत दुकानात आली. “तो फटकळ द्या.”

“सापांनी शनिवारीच नेला,” दुकानदार साळिंदर म्हणाला. “कुठे ठेवायचं, ते त्यालाच विचारलं त्यांनी.”