हरिणाची घंटी

एक होतं गाव. गावात एक भिंत. भिंतीला टेकून एक जुनी सायकल.

सायकलच्या सीटला एक भोक. भोकात राहायची एक उंदरी. तिळाएवढी म्हणून नाव तिळी. तिळीची चार पिल्लं. गुलाबी गुलाबी. अजून डोळेसुद्धा उघडले नव्हते.

एके सकाळी काय झालं? सायकलच्या घंटीची वाटी निखळली.
टण्! खाली पडली.
टण टण टण! घरंगळत गेली.
डुबुक! नाल्यात बुडाली.

सायकल मुकी झाली.

भिंतीपलीकडे जमालचाचाचं दुकान. चाचा सायकली दुरुस्त करायचा. तो बाहेर आला. सायकलीकडे बघत राहिला.
"म्हातारी सायकल," चाचा म्हणाला. "कुठली, कोणाची, ठाऊक नाही. आता घंटीही गेली. बिनघंटीची सायकल मी रस्त्यावर सोडत नाही. संध्याकाळी भंगाराचा गाडा येईल. देऊन टाकतो."

तिळीनं ऐकलं. सायकल गेली तर सीट जाईल. सीट गेली तर पिल्लं जातील. पण हे सांगणार कुणाला? उंदराची आई आपलं घर कुणालाच सांगत नाही. मांजर ऐकते ना.

तिळी खाली उतरली. तुरुतुरु, तुरुतुरु. चाचापाशी गेली.
"चाचा, चाचा, घंटी बसव.
गाडा टळेना."

चाचानं पत्र्याचा डबा उघडला. डबाभर जुन्या घंट्या. एकीवर हत्ती. एकीवर मोर. एकीवर कमळ.
"हत्तीची घंटी हत्तीच्या सायकलला," चाचा म्हणाला. "मोराची मोराच्या. एकदा चुकलो होतो. गिऱ्हाईक महिनाभर बोललं नाही माझ्याशी. या सायकलच्या पुढे पितळेचा बिल्ला आहे. त्यावर चित्र असतं. पण बिल्ला काळाठिक्कर. चित्र दिसलं तर घंटी बसवीन. नाहीतर नाही."

तिळी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. पारूमावशी ओट्यावर समई घासत होती.
"मावशी, मावशी, पितळ घास.
चित्र दिसेना,
घंटी बसेना,
गाडा टळेना."

मावशीनं मान हलवली.
"माझी राख संपली गं बाई. आणि इतकं काळं पितळ राखेनं निघत नाही. त्याला चिंच लागते. चिंच मिळाली तर घाशीन. नाहीतर नाही."

तिळी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. ओढ्याकाठी चिंचेचं झाड.
"झाडा, झाडा, चिंच टाक.
पितळ उजळेना,
चित्र दिसेना,
घंटी बसेना,
गाडा टळेना."

झाड म्हणालं,
"मी मागितल्यावर देत नाही. मला हलवावं लागतं. माकडानं फांदी हलवली तर चिंच टाकीन. नाहीतर नाही."

तिळी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. माकड दगडावर बसलं होतं. तोंड पाडून.
"माकडदादा, माकडदादा, फांदी हलव.
चिंच पडेना,
पितळ उजळेना,
चित्र दिसेना,
घंटी बसेना,
गाडा टळेना."

माकडानं पाय पुढे केला.
"बघ. काटा रुतलाय. पाय टेकवत नाही, झाडावर चढू कसा? काटा निघाला तर हलवीन. नाहीतर नाही."

दूर रस्त्यावर आवाज आला. खडखड खडखड. गाडा निघाला होता.

तिळी पायापाशी गेली. काट्याशी बोलली.
"काट्या, काट्या, पायातून निघ.
फांदी हलेना,
चिंच पडेना,
पितळ उजळेना,
चित्र दिसेना,
घंटी बसेना,
गाडा टळेना."

काटा म्हणाला,
"मी का निघू? मला इथं ऊब आहे."

आता तिळी कुणाकडे जाणार? पुढे कुणीच नव्हतं. ती तिथंच उभी राहिली. खूप घाबरली होती. पण पिल्लं आठवली. मग तिनं दात दाखवले. इवले इवले दात.
"काट्या, मी चामडं कुरतडते. मी लाकूड कुरतडते. तुलाही कुरतडीन. कुर्रर्र."

काट्यानं अंग चोरलं. मग हळूच म्हणाला, "कुरतडू नकोस. निघतो."

तिळीनं काटा दातात धरला. ओढला. सट्!
काटा निघाला.
माकड चढलं, सरसर सरसर. फांदी हलली.
चिंच पडली, पट् पट् पट्.
तिळीनं चिंच ओढत ओढत मावशीकडे नेली. मावशी उठली. पदर खोचला. सायकलीकडे आली.

पण गाडा पोचला होता. गाडेवाल्याचा हात सीटवर होता. सीटच्या आत चार पिल्लं होती.

"थांब रे जरा," पारूमावशी म्हणाली. "मला घासू दे. मग ने."
गाडेवाला थांबला. मावशी घासू लागली. खसाखस खसाखस. काळं पाणी गळलं. मग तपकिरी. मग पिवळं.

पितळ उजळलं.
चित्र दिसलं.
आधी दोन शिंगं. मग चार पाय. उडी मारणारं हरीण.

चाचानं बिल्ल्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "हरीण. माझे अब्बा सांगायचे. गावात हरिणाची एकच सायकल आली होती. ती हीच. आणि मी हिला भंगारात देत होतो."

त्यानं डबा आणला. हत्ती बाजूला. मोर बाजूला. कमळ बाजूला. डब्याच्या तळाशी एकच घंटी राहिली. तिच्यावर हरीण.
पाना फिरला, कर्र कर्र कर्र. घंटी बसली.
गाडेवाला म्हणाला, "मग ही माझी नाही." गाडा गेला. खडखड खडखड.

गाडा टळला.

चाचानं सुई घेतली, दोरा घेतला. "आता सीटचं भोक शिवतो," म्हणाला. वाकून आत बघितलं. आत चार पिल्लं. गुलाबी गुलाबी. डोळे मिटलेले.
चाचानं तिळीकडे बघितलं. "एवढ्यासाठी धावत होतीस होय?" तो म्हणाला. सुई खिशात ठेवली.

"अहो, घंटी वाजवून तर बघा," पारूमावशी म्हणाली.
"नको," चाचा म्हणाला. "पिल्लं दचकतील. आधी त्यांचे डोळे उघडू देत."

मग चाचा रोज घंटी पुसायचा. वाजवायचा मात्र नाही. कुणी सायकल मागितली तर म्हणायचा, "आत माणसं झोपली आहेत."

एक दिवस गेला. दोन दिवस गेले. पुष्कळ दिवस गेले.
एका पिल्लानं डोळे उघडले.
दुसऱ्यानं उघडले.
तिसऱ्यानं उघडले.
चौथं जरा आळशी होतं. सगळे थांबले. मग त्यानंही उघडले.

तिळी सीटवर येऊन बसली. शेजारी चार पिल्लं बसली.
चाचानं घंटीवर अंगठा ठेवला.

ट्रिंग.