जाळीने धरून ठेवलेलं

वॉशिंग मशीन गल्लीत एखाद्याच घरी असायचं, तेव्हाची ही गोष्ट. हेमांगीताईंच्या मशीनमधल्या ड्रमला आपल्या गरगर फिरण्याचा मोठा तोरा होता. तळाच्या झाकणामागे एक जाळी राहायची, तिची तो कधी विचारपूसही करत नसे.

एके सकाळी मशीन पाण्याने भरलं आणि तसंच थांबलं. पाणी काही जाईना.

"तुझ्यामुळे अडलंय सगळं!" ड्रम जाळीवर ओरडला. "नुसतं पाणी सोडायचं, तेही जमेना तुला?"

"दादा, पाणी सोडायला गेले तर बाकीचंही सुटेल," जाळी कशीबशी म्हणाली.

हेमांगीताईंचे यजमान म्हणाले, "भंगारात देऊन टाकू आता."

"थांबा हो, आधी खालचं झाकण तरी उघडून बघू," असं म्हणून ताईंनी प्लग काढला, खाली परात ठेवली आणि झाकण हळूहळू फिरवलं. गढूळ पाणी परातीत आलं. मागोमाग जाळी बाहेर आली. तिच्यात केसांचा गुंता होता, सेफ्टी पिना होत्या, बटणं होती आणि बोटभर लांबीचा खिळा होता. खिळ्याने तिचे दोन दात वाकले होते.

ड्रम थक्क होऊन बघतच राहिला. "सात वर्षं हे सगळं तू एकटीने धरलंस?"

"पलीकडे पाणी बाहेर फेकणारा पंप आहे ना," जाळी म्हणाली. "त्याची पाती फार नाजूक."

ताईंनी जुन्या ब्रशने जाळी घासून लख्ख केली आणि परत बसवली. मशीन सुरू झालं. पाणी खळाळत निघालं, तेव्हा ड्रमने पहिल्यांदाच जाळीची विचारपूस केली.