मधल्या ट्रान्सफॉर्मरचा दोष

एकदा एका शिष्याने आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारली, आणि तीही चारचौघांत.

शिष्याचे नाव श्रीरंग. भार्गवराव नावाच्या वृद्ध कारागिराकडे तो नऊ वर्षे व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांचे, आवाज वाढवणारे अँप्लिफायर बांधायला शिकत होता. भार्गवरावांना सारे नाना म्हणत. एका संगीत विद्यालयाने नव्या सभागृहासाठी असे यंत्र मागवले, तेव्हा श्रीरंग म्हणाला, "नाना, हे मी एकटा बांधणार." नानांनी होकार दिला.

त्याने पारखून उत्तमोत्तम वस्तू आणल्या. ध्वनीला अखेरचे बळ देणारा आउटपुट व्हॉल्व्ह सर्वांत मोठा निवडला. त्याला चालवणारा ड्रायव्हर व्हॉल्व्ह असा घेतला, की सूक्ष्म स्वरही कितीतरी पटींनी वाढवून देई. या दोघांना जोडणारा मधला ट्रान्सफॉर्मर कलावतीबाई गुंडाळणार होत्या. बावीस वर्षे त्या नानांकडे केसासारखी बारीक तार गुंडाळत आल्या होत्या.

त्यांनी विचारले, "मागं कुठला व्हॉल्व्ह लावताय, पुढं कुठला, ते सांगा. त्याच्यावर वेढे ठरत्यात."

श्रीरंग हसला. "ते तुम्हाला काय कळणार, बाई? चांगला गुंडाळा म्हणजे झालं."

चाचणीच्या सकाळी विद्यालयाच्या संस्थापक गायिकेचे जुने ध्वनिमुद्रण लावले. तिच्या शिष्या, आता स्वतःच पिकल्या केसांच्या, पुढच्या रांगेत बसल्या होत्या. गाणे सुरू झाले. डग्ग्याचा घुमार कुठेच नव्हता, नुसती टकटक ऐकू येत होती. तान जोरात आली की आवाज कापडासारखा फाटे. एक वृद्ध शिष्या संतापून उठली. "बंद करा ते! हा आमच्या बाईंचा आवाज नाही."

श्रीरंगची कानशिले तापली. "ट्रान्सफॉर्मर भिकार आहे," तो ओरडला. "आमच्या कलावतीबाईंनी वाटेल तसा गुंडाळलाय!"

कलावतीबाई दाराशीच उभ्या होत्या. "मी इचारलं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"विचारून काय उपयोग? हाताला वळण नको?" त्याने ट्रान्सफॉर्मर उचकटला आणि जमिनीवर फेकला.

बाईंनी तो उचलला नाही. "माझं काम आजवर कुणी असं फेकलं न्हाई," एवढे म्हणून त्या निघून गेल्या.

तेव्हा मागच्या रांगेत बसलेले नाना रागाने उठले. त्यांनी ट्रान्सफॉर्मर उचलला, पुसला, तपासला, आणि होता त्याच जागी पुन्हा जोडू लागले.

"नाना, अहो तोच खराब आहे!"

"गप्प बैस."

मग त्यांनी तो नामांकित ड्रायव्हर व्हॉल्व्ह उपसून बाजूला ठेवला. आपल्या पिशवीतून एक साधा, जुना व्हॉल्व्ह काढला. त्याच्यासाठी सॉकेट बदलले, दोन रेझिस्टर बदलले. तासभर ते काम करत राहिले आणि श्रीरंग धुमसत राहिला. ज्याला खराब म्हटले ते आत, आणि जे मौल्यवान ते बाहेर! "सगळ्यांसमोर माझं यंत्र मोडताय तुम्ही," तो दात आवळून म्हणाला. नानांनी पुढची तार जोडली.

ध्वनिमुद्रण पुन्हा लागले. डग्गा घुमला. तान उठली, वर गेली, आणि अखंड राहिली. मघाशी संतापलेली शिष्या डोळे मिटून, हात जोडून बसली.

नानांचा राग मात्र ओसरला नव्हता. "तुझा तो व्हॉल्व्ह स्वर मोठा करतो, पण त्याच्यात दम नाही," ते म्हणाले. "त्याचा स्वतःचाच रोध इतका, की खर्ज या ट्रान्सफॉर्मरपाशी पोचेपर्यंत निम्मासुद्धा उरत नाही. आणि तान जोरात आली की हा पुढचा थोरला व्हॉल्व्ह मागच्याकडून प्रवाह मागतो. मागचा देऊ शकत नाही, पुढचा मागायचा थांबत नाही, आणि फेकला जातो मधला! मागचा तू निवडलास, पुढचाही तूच. कलावतीनं तोंड उघडून विचारलं, तर तू हसलास. सांगितलं असतंस, तर त्याच दिवशी ती म्हणाली असती, ही जोडी जमायची नाही. नऊ वर्षांत एवढंही शिकला नाहीस?"

श्रीरंग तडक कलावतीबाईंच्या घरी गेला. "चारचौघांत बोललो, चारचौघांतच चूक कबूल करतो. चला," तो म्हणाला. त्यांनी हातातले काम आधी संपवले. मग चपला घालून निघाल्या.

सभागृहात सर्वांसमोर तो म्हणाला, "ट्रान्सफॉर्मर निर्दोष होता. निवड माझी चुकली, आणि दोष यांना दिला."

"ऐकलं," कलावतीबाई म्हणाल्या. "पण माझा राग गेला न्हाई." आणि त्या बोलू लागल्या. नऊ वर्षांत त्याने किती वेळा त्यांचे बोलणे मध्येच तोडले, किती वेळा न बघताच काम परत धाडले, सारे बोलल्या. दोनदा श्रीरंगच्या ओठांवर उत्तर आले. दोन्ही वेळा त्याने ते गिळले आणि त्या थांबेपर्यंत तो मान खाली घालून ऐकत राहिला.

ज्याला आपण काही सांगितलेच नाही, त्याच्यावर चिडण्याचा अधिकार आपल्याला नसतो.