अस्वलाची शिळा

एका डोंगराच्या पायथ्याशी, मोहाच्या मुळांमध्ये बीळ करून एक म्हातारी मुंगी आपल्या लेकरांसह राहत असे. तिच्या घराण्याची एक रीत होती. पावसाने जरा उघडीप दिली की बिळातला सगळा सावा बाहेर काढायचा, उन्हात घालायचा आणि ढग येण्याआधी आत न्यायचा. म्हणून तिचा दाणा भर आषाढातही खडखडीत असे.

त्या उन्हाळ्यात कावळ्याची दोन पिल्लं उपाशी मेली. डोंगरावर हुकूम अस्वलाचा चाले. ते मनाने वाईट नव्हतं, त्याच्या जिवाला हे लागलं. त्याने सगळ्यांना बोलावून सांगितलं, "कुणाकडे रास आणि कुणाकडे मूठही नाही, हे आता चालायचं नाही. आपापला साठा माझ्या गुहेत आणून टाका. वाटणी मी करीन. माझ्या हुकमाशिवाय दाणा हलायचा नाही." सगळ्यांना पटलं, मुंगीलाही पटलं. सावा, बोरं, कंद, मोहाची फुलं, सगळं एकाच ढिगात पडलं. दाराला मोठी शिळा लागली आणि शिळेपुढे साळिंदर बसलं.

आषाढात आठ दिवस सूर्य दिसला नाही. नवव्या दिवशी लख्ख ऊन पडलं. मुंगी धावतपळत गुहेशी गेली, तर फटीतून आंबूस वास येत होता.

"साळिंदरदादा, शिळा सरकवा. फुलं आंबलीत, त्यांची ओल दाण्याला लागेल. आज ऊन मिळालं तरच वाचेल."

"हुकूम नाही."

"मग आणा हुकूम."

"अस्वलदादा मधाच्या पोळ्यांची व्यवस्था लावायला नदीपलीकडे गेलेत. नदीला पूर आहे."

"ऊन काही पूर ओसरायची वाट बघणार नाही, दादा."

साळिंदराने काटे फुलवले. "उन्हाला हुकूम लागत नसेल आजी, मला लागतो."

फांदीवरून कावळा म्हणाला, "तेव्हा माझ्या एकट्याची पिल्लं गेली. आता सगळ्यांची बरोबरीने जातील. झाली ना वाटणी."

मुंगी तिथेच बसून राहिली. बिळात लेकरं कालपासून उपाशी होती. ऊन शिळेवर चढलं, शिळेवरून उतरलं, आणि दुपार कलताच आभाळ पुन्हा भरून आलं.

चौथ्या दिवशी अस्वल परतलं. त्याने शिळा लोटली, तर आत नुसता बुरशीचा चिखल. त्याने विचारलं, "मला कुणी सांगितलं का नाही?"

"सांगणारी मी अलीकडे, ऐकणारे तुम्ही पलीकडे," मुंगी म्हणाली, "आणि मधे पूर."

मग खार पुढे आली, शेपटी पायांत घालून. "दादा, एक ढोली द्यायची राहिली. मुद्दाम नाही हो, मलाच आठवत नव्हती. भरलेली आहे."

हुकूम मोडला होता. सगळे अस्वलाकडे बघत राहिले. मग त्याने ती शिळा उचलली आणि दरीत ढकलून दिली.

"आधी मुंगीच्या लेकरांना दे," ते खारीला म्हणालं. "पुढच्या वर्षी ज्याने त्याने आपलं आपल्या रीतीने सांभाळायचं. माझ्याकडे घरटी एक मूठ टाका, ज्याची चूल थंडावेल त्याच्यासाठी. आणि ती मूठ कधी वाळवायची, ते आजी सांगेल."

तात्पर्य : उपाशी राहिलेल्याची काळजी सगळ्यांनी करावी, पण सगळ्यांच्या दाण्याची अक्कल एकाच्या डोक्यात मावत नाही.