गोळा होणारं पिल्लू

प्राण्यांच्या बालवाड्या नुकत्याच निघाल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. खवले मांजराचं एक पिल्लू घाबरलं की अंगाचा गोळा करून घ्यायचं. आई त्याला बगळेबाईंकडे घेऊन गेली.

"आमच्याकडे शिस्त आहे. सगळी मुलं एका पायावर उभी राहतात," बगळेबाई म्हणाल्या. "याचा पाय कुठला?"

मग आईने त्याला माकडसरांच्या बालवाडीत घातलं. तिथे मुलांना पूर्ण मोकळीक होती. दुपारी येऊन पाहते तर मुलं तिच्याच पिल्लाने फुटबॉल खेळत होती.

"बघा, किती रमलाय," सर कौतुकाने म्हणाले.

शेवटी ती कासवकाकूंकडे गेली. पिल्लाने लगेच अंगाचा गोळा केला. काकूंनीही डोकं-पाय कवचात ओढले आणि त्याच्याशेजारी पडून राहिल्या.

"काकू, तुमची शिकवायची पद्धत कोणती?" आईने विचारलं.

"थांबा जरा," कवचातून आवाज आला. "आधी याची शिकून घेते."

गोळ्यातून हळूच एक नाक बाहेर आलं.