जमकूचं बाळंतपण आणि गुणाजीचा फोन

एका गावात एक भोळा मोबाईलवाला होता. नाव गुणाजी. शेजारच्या लमाण तांड्यात जमकू नावाची पहिलटकरीण होती. दवाखाना घाटापलीकडे, म्हणून सगळ्यांच्या जिवाला घोर. गुणाजीनं तिच्यासाठी बोलका फोन बनवला. "तांड्याच्या सगळ्या रीती पाळतो हो!" असं वर छाती फुगवून सांगितलं. रीती कुणाला विचारल्या होत्या? कुणालाच नाही.

सकाळी सासरा चहा पीत होता. फोन ओरडला, "जमकूबाई, तिसरा महिना लागला, गोळी घ्या!" सासऱ्याला ठसका लागला. जमकू तोंडाला पदर लावून पळाली.

सासू सोमलीबाई कडाडली, "मेल्या, सासऱ्यासमोर असलं बोलतात? हळूच कानात सांगावं!"

"बरं," गुणाजी म्हणाला.

पुढं दवाखान्यातल्या नर्सबाईंनी गुणाजीला निरोप दिला, "मंगळवारी तांड्यात येऊन तपासणी करणार आहे. तांड्यातल्या गरोदर बायांना कळव." फोन कुजबुजला. जमकूला वाटलं, डास आला. तिनं चापट मारली. तपासणीला एक शेळी तेवढी आली.

नर्सबाई भडकल्या, "अरे ठोंब्या, तांडाभर ऐकू जाईल असं सांगावं!"

"बरं."

मग एकदा जमकूनं फोनला लाजत विचारलं, "सासूबाई अंडं खाऊ देत नाहीत. चोरून खाल्लं तर चालेल का?"

फोन भोंग्यासारखा गरजला, "जमकूबाई, सासूला चोरून अंडं खाल्लं तरी चालतं!"

सासू लाटणं घेऊनच आली. तांडा पोट धरून हसला. जमकू रडकुंडीला आली. "अरे बाबा, ज्याची गोष्ट त्याला आधी विचारावं, मग काय ते करावं!"

"बरं, बरं."

दिवस भरले. कळा सुरू झाल्या. सासूनं फोनचं बटण दाबलं. दवाखान्याची गाडी आली, गाडीतून गुणाजीही आला.

"लवकर न्या रे मला!" जमकू विव्हळली.

"थांबा!" गुणाजी दारातच आडवा. "ज्याची गोष्ट त्याला विचारलं का?" आणि त्यानं फोन धरला जमकूच्या पोटाशी. आता काय बोलायचं या माणसाला!

फोन अदबीनं म्हणाला, "बाळसाहेब, दवाखान्यात यायचं असेल तर एक लाथ मारा. नको असेल तर दोन."

पोटातून धाडधाड दोन लाथा बसल्या.

गुणाजी बाहेर गेला. ड्रायव्हरला म्हणाला, "जा तू. नको म्हणतंय." गाडी गेली!

सोमलीबाईनं शिव्या देत पदर खोचला. खोपीतच नात सुखरूप बाहेर काढली. पोरीनं तांडा डोक्यावर घेतला. सासूसुना गळ्यात पडून रडल्या, हसल्या.

गुणाजी मात्र घाईघाईनं ड्रायव्हरला फोन लावत होता, "अहो, परत फिरा! बाळानं विचार बदलला, बाहेर आलंय!"